पडद्यावरच्या गर्दीत आम्ही

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'चित्रपटाच्या आठवणी' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आम्हांस हसू आले. ज्यांच्या आठवणी ऐकाव्यात असे नट-नटी वेगळे. आमचा चेहरा पडद्यावर जेमतेम दोन वेळा दिसला असेल, एरवी दिसली ती पाठ. आमचा समावेश ज्या वर्गात होत असे, त्याला त्या काळी सरसकट 'एक्स्ट्रा' म्हणत. एक्स्ट्रा म्हणजे जादा, जमेस न धरलेला. पुढे या मंडळींना 'ज्युनिअर आर्टिस्ट' हे बरे नाव मिळाले. आमच्या वेळी मात्र आम्ही जादाच होतो.

आमचे बालपण ठाण्यास तलावपाळीच्या मागच्या आळीत गेले. सिनेमा पाहण्यास घरातून परवानगी मिळे ती वर्षातून एखाद्या वेळी, आणि तीही चित्र बोधपर असेल तर. 1953 साली आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' निघाला, तेव्हा दहा वर्षांच्या आम्हांस घेऊन आई स्वतः गेली. पुढे त्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, हे आपण जाणताच. सगळे प्रेक्षक श्यामकडे पाहून डोळे टिपत होते, आमचे लक्ष मात्र मागे उभ्या असलेल्या माणसांकडे जात होते. हे कोण? यांना घरी कोणी ओळखत असेल काय? हा पोरकट प्रश्न अकरा वर्षांनी आमच्यावरच येऊन आदळेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

1964 साली शिक्षण आटोपून आम्ही नोकरीच्या शोधात होतो. लोकलच्या डब्यात कल्याणच्या पारनाक्याजवळ राहणाऱ्या एका तरुणाशी ओळख झाली. बोलता बोलता तो आपल्याच ज्ञातीचा निघाला. त्याने विचारले, "दिवसभर उभे राहता येते का? मग पैसे मिळतील." दुसऱ्या दिवशी पहाटेच्या लोकलने आम्ही दोघे दादरला उतरलो, पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची गाडी पकडली आणि गोरेगावास फिल्मिस्तान स्टुडिओच्या दाराशी उभे राहिलो. कधी गोरेगाव, तर कधी परळचे राजकमल, असा क्रम पुढे तीन वर्षे चालला.

काम कसे असे, ते थोडक्यात सांगतो. माणसे पुरविणारा दलाल दाराशी तोंडे पाहून निवड करी. उंच असेल तो शिपाई, पोट असेल तो शेटजी, आमच्यासारखा किडकिडीत असेल तो बाजारातला वाटसरू. मग कोणाच्या तरी घामाने ओलसर असलेला पोशाख अंगावर चढे आणि डिंकासारख्या चिकट द्रवाने दाढी-मिशी डकविली जाई. प्रखर दिव्यांखाली तास न् तास थांबावे लागे. कॅमेऱ्याकडे पाहायचे नाही, नायकापेक्षा वेगाने चालायचे नाही, आणि पहिल्या वेळी डाव्या हातात पिशवी असली तर दहाव्या वेळीही ती डाव्याच हातात हवी. लग्नाच्या पंगतीचे दृश्य असले की पानातल्या लाडवाला हात लावायचा नाही, कारण तोच लाडू दुपारनंतरही पानात दिसला पाहिजे. एकाच बाजारातून आम्ही सकाळी टोपी घालून आणि संध्याकाळी फेटा बांधून गेलो आहोत. दिवसाअखेर दलालाचा वाटा कापून उरलेले पैसे हातावर पडत.

घरी आम्ही सांगितले होते की एका कारखान्यात तात्पुरते काम मिळाले आहे. ठाण्याच्या आसपास तेव्हा कारखाने वाढत होते, त्यामुळे ते खपून गेले. गंमत अशी की, हीच थाप आमच्याही आधी पन्नास वर्षे चालून गेली होती. 1912 साली दादासाहेब फाळके दादरला 'राजा हरिश्चंद्र' चित्रित करीत होते, तेव्हा सिनेमाचे नाव काढताच लोक नाके मुरडीत. म्हणून दादासाहेबांनी आपल्या माणसांना बजावले होते, कोणी विचारले तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो असे सांगा. तारामतीच्या भूमिकेसाठी कोणी स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात स्वयंपाकाचे काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले. ते चित्र 1913 साली पडद्यावर आले. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट 2009 साली निघाला, त्याच्या नावामागचा इतिहास हा. आज आपण ज्याला अभिमानाने भारतीय चित्रपटाचा आरंभ म्हणतो, तो असा लपतछपत झालेला आहे.

आमची थाप मात्र आईपुढे टिकली नाही. एका रात्री जेवायला बसलो असता तिने आमच्या कानामागे बोट लावून पाहिले आणि म्हणाली, "तुमच्या कारखान्यात डिंक करतात का रे?" आम्ही मान खाली घातली. तिने वडिलांना काही सांगितले नाही, आणि पुन्हा तो विषयही काढला नाही.

इथवर सगळे हसण्यासारखे आहे. आता जे सांगणार आहोत, ते या सभेत प्रथमच उच्चारीत आहोत.

1967 साली आम्हांस एका कचेरीत कायमची नोकरी लागली आणि आमचा गर्दीतला वावर संपला. मित्राने मात्र ते काम सोडले नाही. त्याला त्याची गोडी होती. शंभर माणसांत उभे राहून आपण चुकलो तर नायकाचाही प्रसंग फुकट जातो, हे तो मोठ्या अभिमानाने सांगे. 1969 साली डोंबिवलीच्या एका सद्गृहस्थांनी आपल्या कन्येसाठी त्याचे स्थळ पाहिले. ज्ञातीतला माहितगार म्हणून ते आमच्याकडे चौकशीस आले. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, "मुलगा सिनेमात असतो म्हणतात. आपण त्यास ओळखता ना?"

आम्ही त्यांना सांगू शकलो असतो की, त्याच्या खांद्याला खांदा लावून आम्ही तीन वर्षे उभे होतो. तो निर्व्यसनी आहे, आजारी सोबत्याच्या घरी स्वतःची दिवसाची कमाई पोचविणारा आहे. पण आमच्याही विवाहाचे तेव्हा घाटत होते. आम्ही म्हणालो, "नाही हो, आमची त्यांची केवळ गाडीतली ओळख."

ते स्थळ मोडले. दोनेक महिन्यांनी कल्याण स्थानकावर मित्र भेटला. सारे त्याच्या कानावर गेले होते. आमच्या खांद्यावर हात ठेवून तो एवढेच म्हणाला, "खोटे नाही बोललास. ओळख गाडीतच झाली होती." एखाद्याने चारचौघांत अपमान केला असता तर तो विसरलो असतो, हे वाक्य विसरता आले नाही.

त्याचा विवाह पुढे झाला, मुले शिकली, संसार नेटका झाला. तो वारला तेव्हा आपल्या ज्ञातिवृत्तात निधनवार्ता छापायची होती. व्यवसायापुढे 'खाजगी नोकरी' असे घातले गेले. तो मजकूर लिहून देणारे हात आमचेच होते. म्हणजे त्याला आम्ही दोनदा नाकारले.

बंधुभगिनींनो, रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी' हा चित्रपट आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातील महात्माजींच्या अंत्ययात्रेचे दृश्य 31 जानेवारी 1981 रोजी दिल्लीत चित्रित झाले. त्या दिवशी 3 लाखांहून अधिक माणसे रस्त्यावर उभी होती. पडद्यावर ते दृश्य जेमतेम दोन मिनिटे दिसते. त्या लाखांतील एकाचेही नाव श्रेयनामावलीत नाही, पण ते लोक बाजूला काढले तर रिकाम्या रस्त्यावरून एक गाडा जाताना दिसेल, आणि राष्ट्र शोक करीत आहे हे कोणासही पटणार नाही. गर्दीचे मोल हे असे आहे.

समाजाचेही तसेच आहे. आपल्या स्मरणिकेत पदवीधरांची, अधिकाऱ्यांची, देणगीदारांची नावे छापली जातात, आणि ती छापावीतच. पण खानावळ चालविणारी विधवा, छापखान्यात खिळे जुळविणारा, स्टुडिओच्या दाराशी उभा राहणारा, यांच्या व्यवसायापुढे आपण 'खाजगी नोकरी' लिहितो किंवा जागा कोरी सोडतो. प्रामाणिक कष्टाने मिळविलेल्या भाकरीची लाज आपणांस वाटते, त्या कष्टकऱ्याला ती वाटत नसते.

म्हणून मंडळास आमची एक विनंती आहे. परिचय-सूचीची नवी आवृत्ती निघेल तेव्हा आमच्या त्या दिवंगत मित्राच्या मुलांची अनुमती घेऊन त्याच्या नावापुढील दोन शब्द खोडावेत आणि तेथे 'चित्रपटातील कलावंत' असे छापावे. आणि आमच्या नावापुढे 'निवृत्त कारकून' असे आहे, त्याच्या आधी 'तीन वर्षे एक्स्ट्रा' एवढी भर घालावी. चिटणीसांकडे आम्ही तसे लेखी दिले आहे.