ठळक अक्षर कोणाचं?



मी बोर्ड रंगवणारा माणूस. भाषण हा माझा धंदा नव्हे. पण आपल्या पोरांनी परवा केलेला फलक रस्त्यापलीकडून वाचता येईना, म्हणून उभा राहिलो.

अक्षर म्हणजे नुसती सजावट, असं ज्यांना वाटतं त्यांनी फ्युचुराची हकीकत ऐकावी. हा रोमन टाइप जर्मनीतल्या पाउल रेनरनं काढला. १९२७ साली फ्रँकफुर्टच्या बाउअर फाउंड्रीनं तो बाजारात आणला. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन, एवढंच भांडवल. शेपट्या नाहीत, दागिने नाहीत, खानदान नाही. कंपास-पट्टीच्या पोटी जन्मलेलं अक्षर!

पण दिसतं तेवढं ते सोपं नाही. त्यातला ओ नुसता कंपास फिरवून आलेला नाही. डोळ्याला गोल वाटावा म्हणून तो दुरुस्त केलाय. ठळक वळणात गोलाई दांड्याला भिडते तिथं रेघ मुद्दाम बारीक केलीय. नाहीतर सांध्यात काळा गोळाच होतो.

आता राजकारण बघा. १९३२ साली रेनरनं नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर तुटून पडणारी पुस्तिका लिहिली. १९३३ मध्ये त्याला अटक झाली, म्युनिकच्या मुद्रण शाळेतली नोकरी गेली. नाझी तेव्हा फ्राक्टुर हे टोकदार, तुटक वळणाचं जुनं अक्षर अस्सल जर्मन म्हणून मिरवत होते. आणि जानेवारी १९४१ मध्ये त्यांनीच हुकूम काढला, ही ज्यूंची अक्षरं, बंद करा! काल पवित्र, आज विटाळ. अक्षरालासुद्धा वंश चिकटवला. ही रीत आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

फ्युचुरा मात्र जगला. १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या अपोलो ११ च्या पाटीवर तोच आहे. अमेरिकेत बार्बरा क्रुगर या चित्रकर्तीनं ठळक, तिरका फ्युचुरा लाल पट्टीवर पांढरा छापून बाजाराला आणि पुरुषी सत्तेला सवाल केले. १९८९ साली गर्भपाताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनला बायकांचा मोर्चा निघाला, त्याचं पोस्टर तिनं याच अक्षरात केलं.

मग काय झालं? १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये सुप्रीम नावाचं कपड्यांचं दुकान निघालं. लाल पट्टी, पांढरा तिरका फ्युचुरा, तीच मांडणी! आणि २०१३ मध्ये या सुप्रीमनंच आपल्या नावाची टर उडवणाऱ्या एका बाईवर १ कोटी डॉलरचा दावा लावला. उचललेल्या वेशावर मालकी सांगायची, वर कोर्टात जायचं. वा रे न्याय!

म्हणून सांगतो, अक्षर आपोआप क्रांतिकारक होत नाही. बोलतो कोण आणि कशासाठी, त्यावर ते ठरतं. निषेधाचं अक्षर सदऱ्यावर छापून विकायला बाजाराला वेळ लागत नाही. त्याच्याआधी आपलं म्हणणं भिंतीवर गेलं पाहिजे.

आणि आपली देवनागरी नुसत्या कंपासनं ठळक होत नाही. ण, क्ष, भ यांची पोटं मोकळी ठेवा. शिरोरेघ दांड्याहून बारीक काढा. शब्द कमी लिहा. लिहून झालं की रस्ता ओलांडा, पलीकडून वाचा.

आजच रात्री फलक पुन्हा रंगवू. ब्रश घेऊन या.