मातीतले ज्ञान, मातीच्या भाषेत
(चिंचवड येथे प्राध्यापक व विद्यार्थ्यांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



येथून जवळच हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. १९५४ साली स्थापन झालेला हा औषधनिर्मितीतील देशाचा पहिला सार्वजनिक उद्योग. तेथील संशोधकांना पिंपरीच्याच मातीत एक सूक्ष्मजीव गवसला. त्यापासून त्यांनी ‘हामायसिन’ हे बुरशीजन्य विकारांवरील औषध मिळविले आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात आपले गाव गुंफले : ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’. डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे या कार्यातील अग्रगण्य नाव. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

दोष त्या संशोधकांचा नाही. जगापुढे शोध मांडायचा तर जगाच्या भाषेत लिहावेच लागते. पण विद्वानाचे कर्तव्य तेथे संपत नाही. आपल्या परंपरेने ऋषिऋण सांगितले. ते केवळ अध्ययनाने फिटत नाही. मिळविलेले ज्ञान समाजाला द्यावे लागते. येथून हाकेच्या अंतरावरील आळंदी याची साक्ष आहे. गीतेतील तत्त्वज्ञान ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये मराठीत आणले, तेव्हा त्याची खोली उणावली नाही. अधिकारी मात्र वाढले.

आधुनिक काळातही उदाहरणे आहेत. डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत टोपणनावाने कथा पाठविली. जागतिक कीर्तीच्या खगोलशास्त्रज्ञाला मराठीत लिहिणे कमीपणाचे वाटले नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. पुढे विश्वकोश मंडळाने विद्यापीठे आणि संस्थांच्या साहाय्याने विषयवार ज्ञानमंडळे उभारली. त्यांच्या नोंदी आज संगणकावर कोणालाही विनामूल्य वाचता येतात.

येथे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला, परिभाषा नाही. चाकणच्या कारखान्यात जाऊन ऐका. तेथील कामगार गिअर, बेअरिंग, कंप्रेसर हे शब्द मराठी वाक्यात सहज वापरतो. त्याला अवघड जाते ती आपली बोजड वाक्यरचना. दुसरा, अशा लेखनाने पदोन्नती मिळत नाही. खरे आहे. परंतु यंत्र चालविणाऱ्याला त्यामागील शास्त्र कळले नाही, तर तो आयुष्यभर केवळ कळ दाबणारा राहील. त्याच्या मुलालाही विद्यापीठ परकेच वाटेल. ही हानी कोणत्या गुणांकनात मोजणार?

म्हणून एकच विनंती. अभियांत्रिकी असो, इतिहास असो वा वैद्यक, प्रत्येक विभागाने महिन्याला एक लेख मराठीत लिहावा. विद्यार्थ्याने मसुदा करावा, प्राध्यापकाने तपासावा, दुसऱ्या शाखेच्या सहकाऱ्याने वाचावा. त्याला जे समजले नाही, ते पुन्हा लिहावे. चूक आढळल्यास ती मोकळेपणाने दुरुस्त करावी.

पिंपरीच्या मातीने जगाला औषध दिले. ते कसे सापडले, हे पिंपरीच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगण्याचे काम आपले आहे. या महिन्याचा पहिला लेख त्यावरच लिहा, एवढे सांगून थांबतो.