जीभ एक, कमानी अनेक

मागच्या भागात आपण फॅरिंजियल आर्च, म्हणजे गर्भाच्या घशाजवळच्या कमानी पाहिल्या. आज त्यांच्यापासून जीभ कशी तयार होते, ते पाहू.

चौथ्या आठवड्याच्या सुमारास घशाच्या तळाशी उंचवटे दिसू लागतात. पहिल्या कमानीतल्या उंचवट्यांपासून जिभेचा पुढचा 2/3 भाग होतो; मागचा 1/3 मुख्यतः तिसऱ्या कमानीपासून. म्हणून पुढे स्पर्श पाचव्या क्रेनियल नर्व्हमुळे कळतो आणि चव सातव्या. मागे दोन्ही नवव्या नर्व्हमुळे. जवळजवळ सगळे स्नायू मात्र डोक्याच्या मागच्या बाजूच्या सोमाइट्समधून सरकत येतात आणि आपली बारावी नर्व्ह सोबत आणतात.

या दोन भागांच्या सीमेवर मधोमध एक खळगा असतो. थायरॉइडची सुरुवात इथेच होते. मग ती मानेत उतरते. क्वचित ती उतरतच नाही, आणि जिभेच्या मुळाशी गाठ दिसते.

मी दरवर्षी विद्यार्थ्यांना बजावतो: अशी गाठ कापण्याआधी मानेत थायरॉइड आहे का, हे तपासा. अनेकदा ही गाठच त्या पेशंटची एकमेव थायरॉइड असते. ती काढली, तर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात.

भेटू पुढच्या भागात.