दूरचा नेम आणि एअर रायफल



नेमबाज अंजली भागवत यांनी २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी ज्या प्रकारात गाठली, त्या एअर रायफलीचे लक्ष्य असते अवघ्या १० मीटरांवर. आणि तेवढ्या अंतराला डमरूच्या घाटाचा छर्रा उत्तम.

त्याहून पुष्कळ दूर नेम साधायचा,
तर स्लग, म्हणजे दंडगोल गोळी, वाऱ्याने कमी ढळतो.

पण स्लग मोठा मानी!
नळीच्या व्यासाशी त्याचे किंचित बिनसले, किंवा आतील चरांचा पीळ त्याच्या लांबीला मानवला नाही, की तो भरकटलाच.

म्हणून रायफल विकत घेताना आधी नळी पाहा, मग दिखाऊ दस्ता.
पुन्हा सांगतो: आधी नळी पाहा.

दर बाराला हवेचा दाब समान राखणारा रेग्युलेटर ज्या पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेच्या) रायफलीत आहे, तीच पसंत करावी. निरनिराळ्या वजनांचे स्लग तिच्यातून झाडून पाहावेत.

आता कायदा.
२० जूलहून अधिक ऊर्जेच्या, किंवा साडेचार मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या रायफलीस २०१६ च्या शस्त्र नियमांन्वये परवाना लागतो;
आणि दूरच्या स्लगला बहुधा तेवढी ताकद लागतेच.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी पोलीस आयुक्तालयात परवान्याची खातरजमा अवश्य करून घ्या.