मदत, कष्ट आणि हमी
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठीच्या अध्यापकाने अर्थकारणावर बोलावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु गरिबांच्या साहाय्याविषयीचे लोकमत पुष्कळदा एका शब्दावर फिरते, म्हणून हे धाडस करीत आहे.

अमेरिकेतील लोकमत-पाहण्यांत वारंवार असे आढळले आहे की, 'गरिबांना साहाय्य' असे शब्द वापरले की बहुसंख्य लोक अधिक खर्चास अनुकूल असतात. त्याच ठिकाणी 'वेल्फेअर' हा शब्द आला की अनुकूलता एकदम घटते. पहिल्या शब्दाने गरजू माणूस डोळ्यांपुढे येतो, दुसऱ्याने ऐतखाऊ. तेथे 1996 साली झालेल्या कायद्याने रोख साहाय्याला कामाची अट घातली आणि संघराज्याच्या निधीतील साहाय्यास सर्वसाधारणपणे पाच वर्षांची मर्यादा घातली. काम मिळवून देण्याची हमी मात्र सरकारने घेतली नाही.

अट महाराष्ट्रातही होती. 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलावांवर माती वाहणाऱ्या मजुरांची संख्या पुढच्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाखांवर गेली. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेल्या रोजगार हमी योजनेला 1977च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. तो 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागणीनंतर 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता! या खर्चासाठी 1975 पासून शहरी पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. घेणारा घाम गाळतो, ही जाणीव देणाऱ्यालाही पटण्यासारखी होती. याच अनुभवाचा आधार घेऊन संसदेने 2005 साली ग्रामीण कुटुंबास वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी देणारा कायदा केला.

दोन्हीकडे अट कष्टाचीच. परंतु एकीकडे ती केवळ मागणाऱ्यावर पडते, तर दुसरीकडे 'हमी' या शब्दाने सरकारही बांधले जाते. आपल्याकडे मजुरी रखडली, हजेरीपटावर खोटी नावे चढली, हे खरे. पण हक्क होता, म्हणूनच त्याविरुद्ध दाद मागता आली.

तेव्हा उद्या कोणी 'फुकट कशाला द्यायचे?' असे विचारले, तर रागावू नये. प्रश्न रास्त आहे. त्याला इतकेच विचारावे : काम कोण देणार, किती दिवसांत देणार, आणि वार्धक्याने वा आजाराने ज्याला ते करवत नाही, त्याचे काय? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावाचून आपण आपले मत बनवू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.