उपसा आणि भरणा
(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



मी बी. ए. झालेला, केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकविलेला मनुष्य. व्यवसायावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे, माझ्या चिरंजीवाचा; त्याच्याच अनुभवाचे चार शब्द आपणांपुढे ठेवतो.

दोन वर्षांपूर्वी गुढियारीतील आमच्या घरी तो म्हणाला, "बाबा, पोहण्याचे तलाव उपसून, घासून, पुन्हा भरून देण्याचा धंदा काढतो." मी उत्तरलो, "आपल्या घराण्यात पाणी उपसण्याचे काम कोणी केले नाही." तेव्हा सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, "मामंजी दर उन्हाळ्यात स्वतः उतरून गावची विहीर उपसत, ते विसरलात वाटतं?" मी निरुत्तर झालो.

हिशेब त्याने पक्का केला होता. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल तलावात ७५,००० लिटर पाणी मावते. सेकंदाला ५ लिटर उपसणाऱ्या पंपास चार तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. भरण्यास १०,००० लिटरच्या टँकरच्या आठ खेपा. भांडवल म्हणजे पंप, नळ्या, ब्रश आणि भाड्याचा टेंपो.

परंतु पहिल्याच पावसाळ्यात एक तलाव रिकामा करताच त्याचा तळ तडकला. भिजलेल्या जमिनीतील पाणी खालून रेटा देते आणि वरचे ओझे नाहीसे झाले की तळ उचलला जातो, हे त्यास ठाऊक नव्हते. मालकाकडे जाऊन त्याने चूक कबूल केली व हप्त्यांनी भरपाई दिली. चूक कोणाच्या नावावर टाकावी याची खलबते मी नोकरीत पुष्कळ पाहिली. ती आपल्या नावावर लिहून देणारा मात्र मी प्रथम माझ्या घरातच पाहिला.

आता तो आधी पाणी तपासतो. गाळण व औषध यांनी भागत असेल, तर "उपसू नका" असे सांगतो. उपसणे अटळच असेल, तर क्लोरीन उतरू देऊन ते पाणी बागेस देववितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तहानलेल्या लातुरास रेल्वेने पाणी न्यावे लागले. पन्नास वाघिणींच्या गाडीत २५ लाख लिटर पाणी जाई. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद व दोन मीटर खोल असा एक तलाव तेवढेच पाणी घेतो! हा हिशेब त्याने कागदावर लिहून टेंपोत चिकटविला आहे.

असा सल्ला दिल्याने त्याची काही कामे बुडाली. पण तीच गिऱ्हाइके आता महिन्याच्या देखभालीस त्यालाच बोलावतात.

घरापासून दूर आलेल्या आपणा मंडळींना नोकरीने आधार दिला, हे खरे. तरीही उद्या आपला मुलगा वा मुलगी असा काही बेत घेऊन आली, तर प्रतिष्ठेचा प्रश्न मागे ठेवून आधी हिशेब पाहावा, एवढीच विनंती. मी तो उशिरा पाहिला.