गोडी आणि आंबटपणा



कैरीच्या पन्ह्याची चव पाहतांना आपण गूळ किती आणि आंबटपणा किती, हें दोन्ही जोखतों. दोहोंचा मेळ जमला, तरच पन्हें साधलें म्हणतों. इटलीच्या पांढऱ्या वाइनची पारखहि याच मेळावर होते. परंतु गोड ती उत्तम आणि कोरडी ती बिघडलेली, असा आपल्याकडे पुष्कळांचा समज आहे. मद्यपानाचा पुरस्कार मला करावयाचा नाहीं. हा समज मात्र तपासावयाचा आहे.

द्राक्षरसांतील साखरेचें मद्यार्कांत रूपांतर यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव करितात. जवळजवळ सारी साखर संपली, म्हणजे वाइनला 'कोरडी' म्हणतात. पुरेशी उरली, तर ती गोड. व्हेरोना शहराजवळ सोआवे येथें गार्गानेगा जातीचें द्राक्ष होतें. तोडणीनंतर लगेच त्याचा रस काढून आंबविला, कीं सोआवे ही कोरडी वाइन मिळते. तेंच द्राक्ष कांहीं महिने सुकूं दिलें, तर पाणी उडून साखर दाट होते आणि 'रेचोतो' ही गोड वाइन तयार होते. पिडमाँट प्रांतांतील मोस्कातो दास्तीची तऱ्हा निराळी. तेथें रस गार करून आंबण्याची क्रिया मध्येंच थांबवितात. त्यामुळें साखर उरते व मद्यार्क सुमारें ५ टक्केच राहतो.

चाखतांना आधीं कोरडी घ्यावी, मग गोड. उलट केल्यास कोरडी विनाकारण आंबट भासते. फार थंडहि घेऊं नये. गारव्यानें सुगंध आणि गोडी दोन्ही दबतात. मोस्कातोचा वास गोड वाटतो खरा, पण साखरेची साक्ष जीभच देते. घोटानंतर तोंडाला पाणी सुटलें, तर आम्ल पुरेसें आहे. जीभ नुसती चिकट राहिली, तर मेळ चुकला.

हा विषय आपणांस परका नाहीं. मी राहतों त्या वराळे गांवाभोंवतीं मावळच्या पावसांत भात पिकतो. परंतु सोलापूर जिल्ह्यांत अकलूजकडे पाऊस थोडा. तेथें मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घराण्यांतील बंधूंनीं 'फ्रातेल्ली' हा वाइनचा उद्योग उभारला. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थच 'भाऊ' असा आहे. टस्कनीचे पिएरो मासी यांचें मार्गदर्शन त्यांना लाभलें. शेनँ ब्लाँ व सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रेंच जातींच्या द्राक्षांची पांढरी वाइन ते करितात.

आपल्या उन्हांत द्राक्षाची साखर झपाट्यानें चढते आणि आम्ल तसेंच उतरतें. म्हणून तोडणीचा दिवस अचूक हेरणें, ही बागाइतदाराची खरी कसोटी. गिऱ्हाईक केवळ गोडीच मागूं लागलें, तर आम्ल गमावलेलें फळहि साखरेच्या आड खपून जाईल आणि वेळेवर तोडणी करणाऱ्याच्या दक्षतेला मोल उरणार नाहीं. गोडी ओळखावयास कोणी शिकवावें लागत नाहीं. आम्लाची किंमत ओळखणें मात्र शिकावें लागतें.